आईच्या दाखल्यावर नाव कुठाय?

जर्मनीत मूल जन्मलं की त्याची नोंद हा आई-बापांच्या डोक्याला ताप नसतो, असं आम्हाला इथल्या जुन्या मंडळींनी सांगितलं होतं. ते खरंही आहे, पण आई-बाप जर्मन असतील तर. जन्म आठवड्याच्या आत कळवायचा, असा कायदा आहे आणि रुग्णालयात झालेला जन्म रुग्णालयच कळवतं. प्रसूती विभागात एक फॉर्म देतात. त्यावर बाळाचं नाव, आपली नावं, पत्ता, खाली दोघांच्या सह्या, आणि सोबत कागदपत्रं जोडायची. पुढचं सगळं 'श्टांडेसाम्ट' बघतं. जन्म, लग्न, मृत्यू या तिन्हींची नोंद करणारं हे नगरपालिकेतलं कार्यालय. ग्यानबाची मेख आहे ती 'कागदपत्रं जोडायची' यात.

आमची मुलगी २०२३च्या शरदात बव्हेरियातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात जन्मली. तिच्याबद्दल श्टांडेसाम्टला काहीही शंका नव्हती. वजन, उंची, जन्मवेळ, सगळं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. शंका होती ती आमच्याबद्दल. आम्ही दोघं कोण, कुठं जन्मलो, आमचं लग्न खरंच झालंय का आणि झालं असेल तर त्यानंतर माझं नाव नक्की काय झालं? मुलाची नोंद म्हणजे इथे आई-बापांची परीक्षा असते, आणि पेपर गावाकडून यायचा असतो.

दोघांचे पासपोर्ट, दोघांचे जन्माचे दाखले आणि लग्नाचं प्रमाणपत्र एवढं मागितलं होतं. लग्नाचं प्रमाणपत्र मराठी-इंग्रजीत, शिक्क्यासह, आमच्या जोडीच्या फोटोसकट तयार होतं. त्यावर दिल्लीहून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी साक्षांकनाचा शिक्का, तोही करून आणलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी ते उलटून पाहिलं, नीट वाचलं आणि सौजन्यानं बाजूला ठेवलं. भारत २००५ साली अपोस्टिलच्या करारात आला, पण जर्मनीनं त्याला हरकत नोंदवली. त्यामुळे तो कागद बाकी अनेक देशांत चालतो, इथे चालत नाही. इथे पद्धत वेगळी आहे. आपले दाखले श्टांडेसाम्ट भारतातल्या जर्मन वकिलातीकडे पाठवतं. वकिलात तिथला एखादा वकील नेमते, तो प्रत्यक्ष गावी जाऊन चौकशी करतो आणि मग त्याचा अहवाल परत येतो. खर्च आपला. वेळ किती लागेल, ते विचारायचं नाही. विचारलं तर 'काही महिने' एवढंच उत्तर मिळतं.

माझ्या जन्माच्या दाखल्याची गोष्ट त्याहून मजेची. माझा जन्म १९८८चा, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. २६ जानेवारी १९८९नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्माचा दाखला लागायचा, आधीच्यांना नाही. त्यामुळे माझं सगळं आयुष्य शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागत आलेलं. दिवस गेल्यावर मैत्रिणीनं सावध केलं म्हणून बाबांना पहिल्यांदाच नगरपालिकेत पाठवलं. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. जन्मतारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, लिंग स्त्री. आणि बाळाच्या नावापुढे एक आडवी रेघ.

आमच्या पिढीत हे घरोघरी आहे. दवाखान्यातून जन्माची चिठ्ठी नगरपालिकेत गेली तेव्हा बारसं व्हायचं होतं. बारसं झाल्यावर नाव कळवायला परत कोण जातो? कायद्यानं पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, आणि जुन्या नोंदींसाठी सरकारनं मुदत वाढवून दिली होती, ती आमच्या पथ्यावर पडली. अर्ज, शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आधार, पुन्हा अर्ज. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे कागद एकदम फक्कड. तरी खिडकीतला कारकून त्यांना म्हणालाच, "गुरुजी, पस्तीस वर्षं नाव नव्हतं तर काय अडलं होतं?" बाबांनी त्याला सांगितलं, "आता नातवंड अडलंय." त्या आठवड्यात नाव चढलं. म्हणजे माझ्या जन्माची नोंद माझ्या मुलीच्या जन्माच्या जेमतेम आधी पुरी झाली.

पण नव्यानं चढलेलं नाव माहेरचं. पासपोर्टवर नाव सासरचं. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे लग्नाचं प्रमाणपत्र, आणि त्याचीच तर पडताळणी व्हायची होती.

त्यात आपली मधल्या नावाची पद्धत. माझ्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात माझं नाव आणि त्याला चिकटून नवऱ्याचं नाव आहे. श्टांडेसाम्टमधल्या बाईंनी ते पेन्सिलीनं अधोरेखित केलं, मग नवऱ्याच्या पासपोर्टवर तेच नाव शोधून तिथेही रेघ ओढली. "हे तर यांचं पहिलं नाव आहे. तुमच्या पहिल्या नावात कसं आलं?" आम्ही समजावलं : मुलीच्या नावामागे वडिलांचं नाव, लग्नानंतर ते जाऊन नवऱ्याचं. नवऱ्याच्या नावामागे त्याच्या वडिलांचं, ते मात्र जन्मभर तेच. त्या ऐकत होत्या आणि एका कोऱ्या कागदावर बाण काढत होत्या. मग उठून कपाटातून जगभरच्या देशांचे कौटुंबिक कायदे देणाऱ्या जाडजूड संग्रहातला भारताचा भाग घेऊन आल्या आणि आमच्यासमोर बसून वाचू लागल्या. एखाद्या सरकारी माणसानं आपल्या समोर बसून आपल्या देशाचा कायदा वाचावा, याचं मला कौतुकच वाटलं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे बदल फक्त बाईच्याच नावात होतो?" हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

मुलीच्या नावासाठी तेव्हा दोन वाटा होत्या. नाव तिच्या देशाच्या कायद्यानं ठरवायचं, किंवा आई-बाप जर्मनीत राहत असल्यानं जर्मन कायदा निवडायचा. तेव्हाच्या जर्मन कायद्यात वडिलांच्या नावाला वेगळा रकानाच नव्हता. नाव आणि आडनाव, संपलं. घालायचंच तर ते मुलीचं दुसरं नाव म्हणून घाला, पण मग पाळणाघरापासून दवाखान्यापर्यंत तिला बापाच्या नावासकट हाक मारतील. साताऱ्याला फोन लावला तेव्हा सासऱ्यांचा आवाज चढला. "बापाचं नाव नाही म्हणजे काय?" भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई आणि वडील दोघांची नावं छापलेली असतात, हे सांगितल्यावर ते निवळले. "मग ठीक आहे, सरकारदरबारी आहे ना कुठेतरी." मला स्वतःला नुसतं नाव-आडनाव बरंच वाटलं. लग्नानंतर बँकेपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत नाव बदलत फिरलेल्या बाईला मुलीच्या नावाचा सुटसुटीतपणा खुपत नाही.

नावावरून इथे कोर्टकचेऱ्याही झाल्यात. 'किरण' हे नाव मुलीचं की मुलाचं ते कळत नाही, म्हणून सोबत मुलीचं म्हणून ओळखू येईल असं दुसरं नाव द्या, असा आग्रह एका भारतीय वंशाच्या कुटुंबाला झाला. प्रकरण थेट कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८मध्ये निकाल कुटुंबाच्या बाजूनं लागला. आमचं नाव त्या मानानं सरळ होतं. शिवाय नाव कळवायला महिन्याची मुदत असते, त्यामुळे बारसं बाराव्या दिवशीच झालं. पाळणा नव्हता, कापडी झोळी होती आणि पाळणा म्हणायला फोनवर दोन आज्या.

पडताळणी होईपर्यंत मिळाला तो जन्मनोंदीचा साक्षांकित उतारा. खरा दाखला नव्हे, पण त्याच तोलाचा. त्यावर शेरा होता : आई-वडिलांची ओळख आणि नावं सिद्ध झालेली नाहीत. कायद्याच्या भाषेत तो अगदी साधा शेरा आहे. पण नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलीच्या कागदावर आपली ओळख सिद्ध नाही असं छापलेलं पाहिलं की पोटात कसंतरी होतं. नवरा म्हणाला, "अगं, माझंही तसंच लिहिलंय." त्यानं काही बरं वाटलं नाही.

उताऱ्यावर बाकीची कामं मात्र झाली. आरोग्यविमा, पालकत्वाचा भत्ता, तेव्हा दरमहा २५० युरो असलेला बालभत्ता. त्या-त्या भत्त्यांपुरत्या चालणाऱ्या प्रती फुकट देतात. आणि सगळ्यांच्या आधी कोणाला पत्ता लागला असेल तर आयकर खात्याला. मुलीच्या नावानं आलेलं तिच्या आयुष्यातलं पहिलं टपाल म्हणजे तिचा कर ओळख क्रमांक. आई-बाप कोण ते ठरायचं होतं, पण करदाती पक्की झाली होती.

तिकडे साताऱ्याला वकील येऊन गेले. सासूबाईंनी त्यांना आधी पोहे दिले, मग अल्बम. लग्न कुठं झालं, किती वाजता, मुलीकडचे कोण कोण होते, हे त्यांनी दोघांना वेगवेगळं विचारलं. सासऱ्यांनी मुहूर्त मिनिटासकट सांगितला. सासूबाई म्हणाल्या, मुहूर्त तोच, पण अक्षता पडल्या उशिरानं, नवरदेवाच्या मित्रांची वरात संपेना. वकिलांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. शेजारच्या काकूंनाही विचारलं. "यांच्या सुनेला ओळखता का?" काकू म्हणाल्या, "ओळखते की, जर्मनीला असते, बाळंतीण आहे." याहून भक्कम साक्ष कोणती? पुढे मग नोंदणी कार्यालयातलं रजिस्टर आणि माझ्या गावच्या नगरपालिकेतलं, दोन्ही तपासली गेली. अहवाल आला, शेरा गेला आणि आंतरराष्ट्रीय जन्मदाखला हातात पडला. १९७६च्या व्हिएन्ना करारानं ठरलेल्या त्या नमुन्यात प्रत्येक रकाना अनेक भाषांत छापलेला असतो. इंग्रजीही असते, म्हणून आपल्या दूतावासाला अनुवाद लागत नाही.

आता दुसरी बाजू. बाहेर जन्मलेलं मूल आपोआप भारतीय होत नाही. आई-वडिलांपैकी एक भारतीय असला, तरी जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात व्हावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. नोंद झाली की पासपोर्ट. इकडे परदेशी नागरिकांचं कार्यालय बाळाच्या राहण्याच्या परवान्यासाठी सहा महिन्यांत अर्ज मागतं आणि तिथे पुन्हा पासपोर्ट हवा. आम्ही अर्ज मुदतीत टाकून पासपोर्ट मागाहून दिला. असं चालतं, फक्त अर्ज टाकल्याची पोच जपून ठेवायची.

पासपोर्टच्या अर्जावर सही न येणाऱ्याचा अंगठा लागतो, मुलग्यांचा डावा आणि मुलींचा उजवा. पाच महिन्यांच्या पोरीच्या मुठीतून उजवा अंगठा सोडवणं हे एकट्याचं काम नाही. नवऱ्यानं मनगट धरलं, मी एकेक बोट उलगडत गेले, एक उलगडलं की दुसरं मिटायचं. शाईचा अंगठा रकान्यापर्यंत पोचायच्या आत तिनं तो तोंडात घातला. मग ओठ पुसले, पुन्हा शाई, आणि ती दूध पिता पिता पेंगल्यावर ठसा उमटला. रकान्याच्या रेघेला थोडा चिकटलेला. घेतला त्यांनी. फोटोत दोन्ही डोळे उघडे, मागे पांढरं, चेहऱ्यावर सावली नको. तो तर पांढऱ्या चादरीवर निजवून, मी खुर्चीवर उभी राहून काढला.

पुढच्या वर्षी, जून २०२४मध्ये जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा बदलला. आई-बापांपैकी एक जण पाच वर्षं कायदेशीर राहिलेला असेल आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर मूल जन्मतः जर्मन. आधी ही अट आठ वर्षांची होती. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं मूल त्यानंतर जन्मलं, ते जर्मन. त्यांना दूतावासाची ती नोंद नको, पण सुट्टीत कोल्हापूरला न्यायचं तर मुलाला व्हिसा किंवा भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड. आमची भारतीय, तिला इथे राहायचा परवाना. कोणाचं सोपं, ते ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. आई-बापांचे दाखले मात्र दोघांनाही सारखेच लागले.

तेव्हा परदेशी राहणाऱ्या आणि घरात पाळणा हलणार असलेल्या वाचकांना एवढंच सांगते. बाळाचे कपडे नंतर घ्या. आधी गावाकडे फोन करून स्वतःच्या जन्माचा दाखला मागवा आणि नावाच्या रकान्यात नाव आहे की आडवी रेघ, ते बघा. रेघ असेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच अर्ज टाका. नगरपालिकेला घाई नसते.