बाकी मीच ठेवली होती

विकलेली कुत्री परत मागायला निघालो तेव्हा घेतलेले सगळे पैसे मी खिशात घातले होते, त्यामुळे आपण सरळ माणूस आहोत अशी माझी पक्की समजूत होती. पैसे परत करतोय म्हणजे कुणाला बुडवत नाही, झालं. समोरच्याला पैसे नको, कुत्रीच हवी असेल, हे काही माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

आमचं शेत जतच्या पूर्व भागात. डाळिंब, थोडी ज्वारी, आणि आजोबांच्या वेळेपासून दारात कारवानी कुत्री. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, कातडीखाली बरगड्या दिसणारं हे कुत्रं. पाहुणा आला की हमखास विचारणार, खायला घालत नाही काय हो? अथणी, जमखंडी करत खाली गेलं की मुधोळ. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात वाढवली, त्यातली कुत्री इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, अशी हकिगत सगळे सांगतात. म्हणून तिकडं तिला मुधोळ म्हणतात आणि आमच्याकडं कारवानी. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी ती कॅरव्हान हाउंड आहे. 2005 साली तिचं पोस्टाचं तिकीटही निघालं. आमच्या घरात मात्र या कौतुकाला काही किंमत नव्हती. वडिलांच्या लेखी कुत्रं म्हणजे ससा धरणारं जनावर. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ससा मारायला बंदी आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते जायचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं याच गोष्टीवरून मी दुसऱ्याला धमकी दिली.

2019 च्या उन्हाळ्यात तालुक्यात टँकर आणि चारा छावण्या होत्या. डाळिंबावर आधीच तेल्या रोग पडलेला. दोन म्हशी छावणीत आणि दारात पाखरी ही कुत्री, तिच्या आईच्या वेतातली शेवटची मादी. तिला मी माडग्याळकडच्या एका मेंढपाळाला दिली. दिली म्हणजे विकली. तेव्हा मी सगळ्यांना ‘दिली’ असंच सांगत होतो, आणि तो शब्द नंतर माझ्या फार सोयीचा ठरला. आठ हजार ठरले. तीन त्यानं हातावर ठेवले, पाच दिवाळीनंतर. म्हैस विकली की बाजार समितीची पावती फाटते. कुत्रीची कोण फाडणार? 2017 पासून कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्यांसाठी केंद्राचे नियम आहेत. नोंदणी हवी, विकलेल्या पिलाचं दप्तर हवं, आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकायचं नाही, असं सगळं त्यात आहे. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी एका कुत्रीसाठी मी कागद केला असता असं वाटत नाही.

तो निघाला तेव्हा मी म्हणालो, “काही अडचण आली तर आणून सोडा, घर तुमचंच आहे.” जावयाला निरोप देताना बोलावं तसं ते बोलणं. आमच्यात जनावर विकलं की दावं ठेवून घ्यायची रीत आहे, म्हणून पाखरीच्या गळ्यातला चामडी पट्टा मी काढून घेतला. तो सुताची दोरी बांधून तिला घेऊन गेला.

वर्षभर मला पाखरीची आठवण आली नाही. आली असेल तर रात्री बाहेर काही वाजलं की तेवढीच. मुलगा चार दिवस रडला, मग मोबाईलमध्ये रमला.

30 ऑगस्ट 2020 ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांचा विषय काढला आणि मुधोळचं नाव घेतलं. सैन्यानं ही जात घेतली आहे हे त्याआधीही पेपरात आलं होतं, पण भाव फुटला तो या भाषणानंतर. पुण्या-मुंबईहून फोन यायला लागले. आमच्या शेजाऱ्यानं एका वेताची पिलं विकून मोटारसायकल घेतली. त्या दिवसापासून मला पाखरीची आठवण येऊ लागली. खूप यायला लागली. बायकोला म्हणालो, पोरगं तिच्यासाठी अजून झुरतंय. ती म्हणाली, “पोराला विचारलंत का?” मी विचारलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर मेंढपाळ बाकीचे पाच हजार घेऊन आला, आणि मी म्हणालो, “राहू द्या हो, घाई काय आहे?” त्याला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस. मला मात्र सौदा अर्धवट राहिलेला हवा होता. पैसे पुरे झाले की कुत्री त्याची, बाकी राहिली की थोडी आपली, असा माझा कायदा. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी घरात असून मुलाकडून ‘बाबा नाहीत’ म्हणवून घेतलं. मुलानं ते नेमकं लक्षात ठेवलं आणि पुढं गावच्या पंचांसमोर कुणी न विचारता सांगून टाकलं.

2021 च्या पावसाळ्यात त्याचा मेंढरांचा वाडा परत आमच्या भागात आला. मी खिशात तीन हजार घालून गेलो. चहा झाला. मी म्हणालो, पैसे पुरे झाले नाहीत, तर सौदा मोडू या, हे तुमचे तीन. त्यानं पैशांकडं पाहिलंसुद्धा नाही. “बाकी घिऊन आलो हुतो की मी, आण्णा. आत्ता देऊ का?” मी म्हणालो, तो प्रश्न नाही. ‘मग कोणता?’ असं त्यानं विचारलं नाही, नुसता गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा मला राग आला, आणि ससा बाहेर आला. कुत्रीला शिकारीला नेता असं कानावर आलंय, वनखात्यात अर्ज गेला तर मेंढरंसुद्धा चारू देणार नाहीत, असं मी बोललो. माझ्या कानावर काहीही आलं नव्हतं. रानात चराईवर जगणाऱ्या माणसाला वनखात्याची भीती घालणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर ते शस्त्र काढलं. दुसऱ्याच्या वावरात मेंढरं बसवून चार पैसे मिळवणाऱ्या माणसाचं त्या एका अर्जानं वर्ष वाया गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत गेलो, या वेळी न सांगता. एका ओळखीच्या वावरात वाघूर लावलेली, मेंढरं आत, बायका तिकडं चुलीपाशी. पाखरी जाळीबाहेर मातीत अंग टाकून पडली होती. मी मोटारसायकल बंद करून दोन बोटं तोंडात घातली आणि वडील मारायचे तशी शीळ मारली. तिनं आधी एक कान उचलला. मग उठली, पुढचे पाय लांब ताणून पाठ खाली दाबली, जांभई दिली आणि चालत आली. धावत नव्हे. मी नंतर सगळ्यांना धावत आली असंच सांगितलं. माझ्या पँटचा वास घेतला, मग हातातल्या पिशवीचा. पिशवीत मटणाचे तुकडे होते. एक दिला, गाडी चालू केली, हळू सोडली. ती मागं. ओढ्यापर्यंत मी दोनदा थांबून तुकडे टाकले.

रात्री तो आणि त्याचा पुतण्या चालत आले. “कुत्री हिकडं आलीया का ओ?” मी म्हणालो, आपसूक आली, मुकं जनावर आहे, घर ओळखतं. पाखरी आत पायरीवर बसून त्याच्याकडं बघत शेपूट हलवत होती. तो हाक मारणार तेवढ्यात मी दार लोटलं.

सकाळी ठाण्यात मीच आधी गेलो. पहिला जो जातो त्याचं खरं धरतात, असा आमच्याकडं समज आहे. सोबत रेबीजच्या लसीचं कार्ड, माझ्या नावाचं. मोबाईलमधले तिचे लहानपणीचे फोटो. आणि तो पट्टा. हवालदारांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. “कार्ड तुमच्या नावाचं आहे, मान्य. मग तीन हजार कसले घेतलेत, तेवढं सांगा.” मी म्हणालो, सांभाळायला दिली होती. ते म्हणाले, “सांभाळायला देणारा पैसे देतो का घेतो?” आणि गावातच मिटवा म्हणून सांगितलं.

मिटवण्याआधी मी वकील मेहुण्याला फोन केला. बळ मिळेल म्हणून केला, आणि आडवा झालो. तो म्हणाला, कायद्यात कुत्रं म्हणजे जंगम माल. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 20 प्रमाणं ठरलेला, द्यायला तयार असलेला माल विनाअट विकला की मालकी तिथल्या तिथं जाते, पैसे नंतर द्यायचे ठरले तरी. बाकी राहिलीय म्हणून माल अडवून धरायचा हक्क विकणाऱ्याला असतो, पण माल त्याच्या ताब्यात असेपर्यंत. एकदा खरेदीदाराच्या हवाली केला की उरतो तो पैशांचा दावा, तोही तीन वर्षांच्या आत. परत घेण्याची अट घातली होतीस का? मी म्हणालो, घातली होती की, ‘आणून सोडा’ म्हणालो होतो. तो म्हणाला, ती त्याच्यासाठी सवलत झाली, तुझ्यासाठी हक्क कसा झाला?

इथं मला एक कबूल करायला हवं. तोवर त्या निरोपाच्या वाक्याचं माझ्या मनात पूर्ण रूपांतर झालं होतं. ‘कुत्री नको झाली तर मलाच परत द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि मला हवी झाली तर मी घेणार,’ असं मी स्पष्ट बजावलं होतं, असं मला खरंच आठवायला लागलं होतं. त्याचं मान हलवणंसुद्धा आठवत होतं. मी खोटं बोलतोय हे मला कळत असतं तर कदाचित लवकर थांबलो असतो. अमेरिकेतला आमचा भाचा सांगतो, तिकडं चांगले पैदासकार करारातच लिहून घेतात की कुत्रं सांभाळणं जमलं नाही तर आधी आमच्याकडंच आणा. लिहिलेलं वाक्य बदलत नाही. माझं वाक्य दोन वर्षं डोक्यात फिरत राहिलं आणि प्रत्येक फेरीला माझ्या बाजूनं थोडं वाढलं.

मेहुण्यानं मग विचारलं, आता कुत्री कुठं आहे? कशी आली? मी शिळेचं सांगितलं. मटणाचंही सांगितलं. तिकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग तो म्हणाला, भारतीय दंड संहितेचं कलम 378 वाच. चोरी म्हणजे काय ते सांगणारं कलम. खाली उदाहरणं आहेत, त्यातलं दुसरं कुत्र्याचं आहे. एकानं खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचं कुत्रं मागं यायला लावलं, मनात कपट असेल, तर कुत्रं मागं चालू लागलं त्या क्षणी चोरी पुरी झाली. 1860 साली लिहिलेलं. माझी मोटारसायकल सोडली तर त्यात काही कमी नव्हतं. (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम आता 303 झालं, कुत्रं आहे तिथंच.) त्याच यादीत पुढं घड्याळाचं उदाहरण आहे. स्वतःचं गहाण ठेवलेलं घड्याळ कर्ज न फेडता गुपचूप उचललं तरी चोरी. म्हणजे पाखरी माझी ठरली असती तरी मी सुटलोच असतो असं नाही. कायदा आधी ताबा कुणाचा ते बघतो.

एवढं कळूनही मी पंचांपुढं गेलो तो भांडायलाच. तंटामुक्त गाव मोहीम आमच्याच जिल्ह्यातल्या गृहमंत्री आर. आर. आबांच्या काळातली, 2007 ची. बऱ्याच गावांत तिची समिती आता फलकावर उरली आहे, पण आमच्याकडं चार जाणती माणसं अजून बसतात. मी पट्टा पुढं ठेवला, म्हणालो, पूर्ण विकली असती तर पट्टा ठेवून घेतला असता का? एक म्हातारे म्हणाले, “गाय इकली की दावं ठिवतूस, म्हून गाय तुझी व्हय?” लोक हसले. एका पोरानं डीएनए तपासणीचं काढलं. 2020 साली मध्य प्रदेशात होशंगाबादला एका लॅब्रेडॉरवर दोघांनी दावा सांगितला तेव्हा पोलिसांनी ती केली होती. पण तिथं कुत्रं कुणाचं हाच वाद होता. आमच्यात ही पाखरी आहे याबद्दल वादच नव्हता. डीएनएमध्ये सौदा दिसत नाही.

मग मी शेवटचा पत्ता टाकला. दोघं दोन बाजूला उभे राहतो, कुत्री ज्याच्याकडं जाईल त्याची. न्याय वाटतो असा डाव. पिशवी माझ्या शर्टाच्या आत होती. मेंढपाळाची आई मागं बसली होती, ती म्हणाली, “कुत्रं मटनाकडं जातंय. वास हितवर येतोय.”

त्यानंतर समितीच्या अध्यक्षांनी मला एकच विचारलं, “त्यानं पैसं दिलं न्हाईत, का तुमी घेतलं न्हाईसा?” मी म्हणालो, दोन्ही. त्याच वेळी माझ्या मुलानं ‘बाबा नाहीत’ची गोष्ट सांगितली. मी त्याच्यावर डोळे वटारले, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

मेंढपाळानं तिथंच पाच हजार मोजले. नोटा दुमडून दुमडून मऊ झालेल्या, बहुधा दिवाळीपासून बाजूला ठेवलेल्या. मी पावती लिहून दिली. या व्यवहारातला पहिला कागद तो. वनखात्याच्या धमकीबद्दल माफी माग असं कुणी म्हणालं नाही, कारण ती गोष्ट त्यानं पंचांना सांगितलीच नव्हती. मीही काढली नाही. ती अजून राहिली आहे.

उठताना तो म्हणाला, “आण्णा, पोटात हायती तिच्या. पिलू मागितलं असतंसा तर दिलं असतं की एक.” मला गहिवरून यायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हेच, की पिलाचे पुण्यात आता किती येतील.