आल्याची बीअर आणि गांधीलमाशा

सुरुवातीलाच रेक्टर मॅडम आणि समस्त स्टाफसाठी एक खुलासा. या लेखात बीअर आहे, पण ती आल्याची. महाराष्ट्रात खऱ्या बीअरसाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात, माझं वीस चालू आहे. शिवाय घरी खरी बीअर गाळायची म्हटली तर 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो. पुण्यात 2009 मध्ये डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली तीसुद्धा रीतसर लायसन्स काढून. तेव्हा तपासणीसाठी माझं कपाट उघडू नये, त्यात फक्त थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक आहे आणि तेही दुसऱ्याचं.

आता मुद्द्यावर येते. मी कॉन्व्हेंटची. पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी आठवड्यातून चार तास सोसायचा विषय होता. एकोणसत्तर की एकोणऐंशी यात अजूनही माझा गोंधळ होतो. त्यामुळे तुम्ही लहानपणी 'फास्टर फेणे' वाचत होतात तेव्हा मी एनिड ब्लायटनचं 'फेमस फाइव्ह' वाचत होते. त्यातली पोरं सारखी कुठेतरी सायकलवरून जातात, गवतावर बसतात आणि जिंजर बीअर पितात. ही जिंजर बीअर म्हणजे नक्की काय हे मला दहा वर्षं छळत होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये सेमिस्टरची सुट्टी लागली आणि मी ठरवलं, बनवूनच बघू.

कृती अगदी सोपी आहे. आलं सालासकट किसायचं (जंगली यीस्ट सालीवरच असतं), त्यात साखर आणि उकळून गार केलेलं पाणी घालायचं, आणि रोज एकेक चमचा आलं-साखर घालत राहायचं. पाच-सहा दिवसांत बुडबुडे येऊ लागतात. हे झालं विरजण. मग पातेलंभर पाण्यात आलं आणि साखर उकळायची, गार झाल्यावर लिंबू पिळायचं, विरजण मिसळायचं आणि बाटल्या भरायच्या. दोन-तीन दिवसांत यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, की लगेच फ्रिजमध्ये. अल्कोहोलही होतं, पण अगदी थोडंसं.

आईनं पहिल्याच दिवशी मला स्वयंपाकघरातून हाकललं. "हा चिकट उद्योग परसात नेऊन कर." आमचं घर कोथरूडच्या एका जुन्या बैठ्या कॉलनीत आहे, त्यामुळे आम्हाला परस नावाची चैन अजून परवडते. एक लिंबाचं झाड, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि एक तांब्याचा बंब, जो गेली पंधरा वर्षं नुसता उभा आहे. तिथे मी शेगडी मांडली.

पहिली घाण उकळत होती (घाण म्हणजे कचरा नव्हे, हे मला आजीनं शिकवलं. आजी सांगली जिल्ह्यातली, तिच्या माहेरी गुऱ्हाळ होतं, तिथे एका कढईभर रसाला घाण म्हणत), तेवढ्यात एक लालसर तपकिरी माशी आली. कंबर अशी की झीरो फिगरवाल्यांनी लाजावं. पातेल्याच्या काठावर बसली, पाक चाटला आणि गेली.

मी ओरडले, "आजी, वास्प!"

"गांधीलमाशी म्हणावं," आजी म्हणाली.

मला वाटलं हिचा गांधीजींशी काही संबंध असेल, अहिंसा वगैरे. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. ही चावली की अंगावर गांधी उठतात, म्हणून गांधीलमाशी, असं आजीचं म्हणणं. गांधी म्हणजे पित्त उठल्यावर येतात तशा गाठी. "गुऱ्हाळात काहिलीभोवती नुसत्या घोंघावत असायच्या. आम्ही त्यांना काही करायचो नाही, त्या आम्हाला काही करायच्या नाहीत." रसवंतीगृहात आपण सगळेच हे बघतो. घुंगरं वाजतायत, चरकात ऊस जातोय, माशा ग्लासाच्या काठावर बसल्यात आणि रसवाला त्यांच्यामधून निवांत हात घालतोय. मीही ठरवलं, आपण तसंच निवांत राहायचं.

ही निवांतता चार दिवस टिकली. त्या रात्री दोन वाजता परसात धाडकन आवाज झाला. आईला वाटलं सिलिंडर. स्क्वॅशच्या काचेच्या बाटलीत मी जी जिंजर बीअर भरली होती, ती फुटली होती. थिन सिलिंडरच्या हूप स्ट्रेसच्या गणितात मला दहापैकी नऊ मार्क होते. बाटलीला ते माहीत नव्हतं. (ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली घ्या. अंगठ्यानं दाबून बघा, दगडासारखी कडक लागली की फ्रिजमध्ये टाका.) सकाळी बघते तर भिंत, बंब, धुण्याचा दगड, सगळीकडे पाक वाळलेला, आणि त्यावर मोजून तीसेक गांधीलमाशा.

आता माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. प्लास्टिकची बाटली कापली, तिचं नरसाळं उलटं बसवलं, आत साखरेचं पाणी आणि कुजकं केळं. आत शिरायला रुंद, बाहेर पडायला अरुंद. संध्याकाळपर्यंत सापळ्यात अकरा गांधीलमाशा मिळाल्या आणि मी विजयी मुद्रेनं फोटो काढले. दुसऱ्या दिवशी परसात तीसच्या पन्नास झाल्या. सापळ्याचा वास आधी न येणाऱ्यांनाही बोलवत होता, आणि मी तो ठेवला होता बरणीपासून तीन फुटांवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं. वर त्यात सात-आठ मधमाश्याही बुडून मेल्या. ते मात्र मनाला लागलं. ज्या पुण्यात 1962 पासून मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, त्या पुण्यात मी त्यांना केळ्याच्या पाण्यात बुडवत होते. नंतर वाचलं की पिकल्या केळ्याला ज्या रसायनाचा वास असतो, आयसोअमाइल अॅसिटेट, तेच मधमाशी डंख मारताना धोक्याचा इशारा म्हणून सोडते. यीस्टही ते बनवतं, म्हणून काही बीअरना केळ्याचा वास येतो. सापळा मी काढून टाकला. बरणी तशीच परसात, वर फडकं बांधून.

आता जे सांगायचंय ते पटकन सांगते.

चार वर्षांपूर्वी राजगडावर बाबांना एक गांधीलमाशी चावली होती. हात कोपरापर्यंत सुजला आणि अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की पुढच्या वेळी जपा. आम्ही ते घरातल्या विनोदांत जमा केलं होतं. राजगडाची गोष्ट निघाली की बाबांचा सुजलेला चेहरा कसा दिसत होता त्याची नक्कल मीच करायचे. पहिल्या डंखानंतर शरीर त्या विषाची ओळख ठेवतं आणि पुढच्या वेळी जास्त जोरात उसळतं, हे मला माहीत नव्हतं. आणि गांधीलमाशीचा डंख मधमाशीसारखा अडकून तुटत नाही, ती पुन्हा पुन्हा चावू शकते, हेही.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं होतं. गुरुवारी दुपारी प्रॅक्टिकलला जाताना मला आठवलं की बरणी उन्हात राहिली. मी घरी फोन केला.

"बाबा, परसातली बरणी जरा सावलीत ठेवता का?"

"ठेवतो की," बाबा म्हणाले.

फोन सॅकमध्ये टाकून मी लॅबमध्ये गेले. दोन तासांनी बाहेर आले तर आईचे नऊ मिस्ड कॉल.

माशी फडक्याच्या घडीत होती. बाबांनी बरणी उचलली आणि ती मनगटावर चावली. आजीनं लगेच लोखंडी किल्ली घासली, चुना लावला. दहा मिनिटांत बाबांचे ओठ सुजले, मग आवाज घोगरा झाला, मग ते म्हणाले, मला डोळ्यांपुढे अंधार येतोय. शेजारच्या काकांनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये मांडीत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. तेच खरं औषध. किल्ली आणि चुना यांच्या जिवावर अजून थांबलो असतो तर मी हा लेख लिहीत नसते.

मी पोचले तेव्हा बाबा कॉटवर बसून होते. ओठ अजून जाड. त्रास परत उलटू शकतो म्हणून रात्रभर ठेवणार होते. मला काय बोलावं कळेना. इंग्लिशमध्ये सॉरी म्हणणं किती सोपं असतं, आणि त्या क्षणी तो शब्द किती किरकोळ वाटला. बाबाच म्हणाले, "बरणी सावलीत ठेवलीय बरं का."

मी जिन्यात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी पोळं सापडलं. बंबाच्या मागे, पत्र्याच्या खाली, तळहाताएवढं, करड्या कागदाचं. खरोखरच कागद असतो तो, माशा वाळकं लाकूड कुरतडून लाळेत मळून बनवतात. शेजारचे काका म्हणाले, रॉकेलचा बोळा लावू, पाच मिनिटांचं काम. आजी म्हणाली, दिवाळीच्या तोंडावर घर कसलं जाळता कुणाचं. आई म्हणाली, माझा नवरा जाता जाता राहिलाय, कुणाचं घर ते मला सांगू नका. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्या रात्री मी वाचत बसले. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीवर आयुष्यभर काम केलंय. 2001 मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. आमच्याकडच्या माशा बहुधा त्याच. त्यांची राणी अजिबात दादागिरी करत नाही, पोळ्याकडे बघून ती कुठली हे ओळखूही येत नाही. पण राणीला काढून घेतलं की कामकरी माशांपैकी एकजण एकदम आक्रमक होते, बाकीच्या तिला मुकाट मानतात, आणि आठवड्याभरात ती अंडी घालायला लागते. दुसरं असं की मोठ्या माशीला घट्ट अन्न गिळता येत नाही, त्या कमरेतून जाणारच काय! त्या अळ्या पकडतात त्या पिल्लांसाठी. स्वतःला लागतं ते गोड पाणी. म्हणजे माझा पाक.

आणि सगळ्यात कहर. 2012 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की द्राक्षं नसतात त्या हिवाळ्यात यीस्ट गांधीलमाशांच्या आतड्यात जिवंत राहतं, आणि त्या ते आपल्या पिल्लांनाही भरवतात. तेच यीस्ट, ज्यानं पाव फुगतो आणि वाइन होते. मी ज्यांना सापळ्यात बुडवलं, त्या माझ्याच धंद्यातल्या निघाल्या.

तरीही पोळं काढलं. शनिवारी रात्री नऊ वाजता पेस्ट कंट्रोलचा माणूस आला, कारण अंधार पडला की सगळ्या पोळ्यावर परततात. पाच नाही, दोनच मिनिटं लागली. मी बघत उभी राहिले, बघायलाच हवं असं वाटलं. सकाळी त्यानं पोळं पिशवीत भरून नेलं. आत पांढऱ्या अळ्या होत्या.

तीन दिवसांनी पाच माशा परत आल्या, कुठे बाहेर राहिलेल्या असतील. पत्र्यावर जिथे देठाचा काळा डाग होता, बरोबर तिथेच बसल्या. आईनं पत्राच काढून भंगारवाल्याला दिला, बंबासकट. डिसेंबरात लिंबाच्या झाडावर कधी नव्हत्या इतक्या हिरव्या अळ्या झाल्या आणि निम्मा पाला फस्त झाला. आजी माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही.

बाबांच्या बॅगेत आता अॅड्रेनलिनची अँप्युल आणि सिरिंज असते. आई इंजेक्शन द्यायला शिकली, संत्र्यावर टोचून टोचून. मग मीही शिकले. तुमच्यापैकी कुणाला माशी चावून अंगभर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल, तर ट्रेकला जाण्याआधी डॉक्टरांना भेटा. विनोद नंतर करा.

जिंजर बीअर मी सोडली नाही. जानेवारीत आईनंच विचारलं, तुझं ते आल्याचं बंद का केलंस? आता ते स्वयंपाकघरात होतं, खिडकीला जाळी लावून. बरणीच्या झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवलीय, तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात. गॅस बाहेर जातो, आत कुणी येत नाही. रात्री अभ्यास करताना तो बुडबुड आवाज येतो, बरं वाटतं. बाबा रोज एक ग्लास घेतात. पिण्याआधी ग्लास उजेडात धरून आत बघतात आणि मगच तोंडाला लावतात.

येत्या शनिवारी हॉस्टेलच्या मुलींसाठी सहा बाटल्या आणणार आहे. प्लास्टिकच्या.