फेअरविंड्सची लॅस

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला हिवाळा बर्फापेक्षा पावसाचाच अधिक असतो आणि पॅसिफिक महासागराच्या उबेमुळे वसंत लवकर येतो, त्यामुळे देशाचा बराचसा भाग गोठलेला असतानाच तेथील कुरणे हिरवी होऊ लागतात. मेंढी सुमारे पाच महिने गाभण राहते. शरदात एडका कळपात सोडला तर कोवळे गवत उगवण्याच्या वेळीच कोकरे जन्मतात, आणि मेंढपाळाच्या वर्षाचा सगळा हिशेब या मेळावर बेतलेला असतो. याच टोकाला, समुद्राच्या काठावर, फेअरविंड्स नावाची एक रँच होती. पिकापेक्षा कुरणावर आणि धान्यापेक्षा जनावरांवर जिचे अर्थकारण चालते, अशा विस्तीर्ण शेतजमिनीला उत्तर अमेरिकेत रँच म्हणतात. फेअरविंड्सचे मालक डब्ल्यू. फिलिप केलर (१९२०-१९९७) हे केनियात काम करणाऱ्या मिशनरी दांपत्याचे पुत्र होते. पूर्व आफ्रिकेतील गुराख्यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले, तरुणपणी त्यांनी सुमारे आठ वर्षे मेंढीपालनावर उपजीविका केली आणि पुढे एका सामुदायिक चर्चमध्ये बिनदीक्षित पाळक म्हणून, म्हणजे धर्मगुरुपदाची रीतसर दीक्षा न घेता मंडळीची सेवा करणारे म्हणून, त्यांनी काम केले. या रँचवर लॅस नावाची बॉर्डर कोली जातीची कुत्री होती, आणि तिचे आयुष्य केलरांच्या श्रद्धाविषयक लेखनाशी इतके एकजीव झाले आहे की तिला वगळून त्या लेखनाचा विचार करणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील धनगरांच्या तांड्याबरोबर चालणारा कुत्रा मुख्यतः राखणीचा असतो. लांडग्यापासून व चोरापासून कळप वाचवणे हे त्याचे काम. बॉर्डर कोलीचे काम वेगळे आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमाभागात घडलेली ही जात मेंढ्या गोळा करण्यासाठी, वळवण्यासाठी आणि इष्ट ठिकाणी आणून सोडण्यासाठी जोपासली गेली. नॉर्थंबरलँडमध्ये १८९३ साली अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प हा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. तो भुंकण्याऐवजी नजरेच्या दाबाने मेंढ्यांना हलवत असे, आणि जाणकार आजही या गुणाला नुसते ‘नजर’ असेच म्हणतात. मुळात ही लांडग्याचीच शिकारी वृत्ती आहे. भक्ष्य शोधणे, दबा धरणे, रोखून पाहणे, पाठलाग करणे या तिच्या पायऱ्या निवडक पैदाशीने अधिक तीव्र केल्या गेल्या आणि चावा घेण्याची व ठार मारण्याची अखेरची पायरी दाबून टाकली गेली. अशा कुत्र्याला हलणारी वस्तू दिसली की तिला वळसा घालून रोखण्याची ओढ त्याच्या रक्तातूनच उसळते, आणि मेंढ्या नसतील तर ती ओढ मिळेल त्या वस्तूवर जाऊन पडते.

लॅसच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. ती शहरात वाढली आणि मोटारींच्या व सायकलींच्या मागे धावण्यामुळे घरच्यांना नकोशी झाली. केलरांनी तिला प्रथम पाहिले तेव्हा तिच्या गळ्यात साखळी होती, आणि पळता येऊ नये म्हणून गळपट्ट्यापासून मागच्या पायापर्यंत दुसरी साखळी बांधलेली होती. जवळ येणाऱ्यावर ती गुरगुरत असे. तिला दुष्ट, बिघडलेली, निरुपयोगी ठरवण्यात आले होते. परंतु तिचा दोष म्हणून जे मोजले जात होते तेच तिच्या जातीचे सर्वात मोठे धन होते, ही गोष्ट ओळखण्यासाठी मेंढपाळाचीच नजर लागली.

फेअरविंड्सवर आणल्यानंतरही तिने अन्नपाण्याला तोंड लावले नाही की माणसाचा हात अंगाला लागू दिला नाही. अखेर केलरांनी तिची साखळी सोडून दिली, ती जंगलाच्या दिशेने पळाली आणि दिसेनाशी झाली. पशुपालनाच्या रूढ शहाणपणानुसार हा निव्वळ तोटाच होता, शिवाय मोकाट कुत्रा मेंढरांना किती घातक ठरू शकतो हे त्या किनाऱ्यावरचा प्रत्येक मेंढपाळ जाणून असतो, कारण भटक्या कुत्र्यांनी गाभण मेंढ्या पळवून पळवून मारल्याचे प्रसंग तेथे घडत. असे असूनही केलर तिच्यासाठी अन्न व पाणी बाहेर ठेवत राहिले, आणि ते रात्रीतून संपलेले आढळे. काही आठवडे ती दुरूनच माणसाचे व कळपाचे निरीक्षण करत राहिली. मग एका संध्याकाळी, मेंढ्या पाहत हात पाठीमागे धरून केलर उभे असताना, तिने येऊन त्या हातांना आपले नाक लावले. तिच्या चरित्रातील हा सर्वात महत्त्वाचा क्षण होय, आणि तो घडवण्यासाठी केलरांनी काहीही केले नव्हते. त्यांनी फक्त वाट पाहण्याची जोखीम पत्करली होती.

त्यानंतर लॅस कामाला लागली. मेंढपाळी कुत्र्याचे शिक्षण म्हणजे नवे काही शिकवण्यापेक्षा मुळातल्या ओढीला वळण देणे असते: कळपाला डावीकडून किंवा उजवीकडून मोठा वळसा घालून पलीकडे पोचणे, तेथे थबकून मेंढ्यांना हळूच हलते करणे आणि मग सरळ रेषेत धन्याकडे आणणे. यात खाऊचे आमिष जवळजवळ कधीच वापरले जात नाही, कारण काम करायला मिळणे हेच कुत्र्याचे खरे बक्षीस असते आणि धन्याचा आवाज ही त्याची पावती असते.

या शिक्षणाची खरी कसोटी वसंतात लागते. एरवी कुत्र्याच्या चाहुलीने एकवटणारी मेंढी व्यायल्यानंतर मात्र पळत नाही, तर कोकराला पाठीशी घालून कुत्र्याकडे तोंड करते, पाय आपटते आणि प्रसंगी डोके खाली घालून धडकही देते. कोकराला तर कळपाचे भानच नसते. ते कुत्र्याजवळसुद्धा निर्भयपणे जाते. अशा वेळी उतावळ्या कुत्र्याने थोडी जरी घाई केली तरी आई व कोकरू यांची ताटातूट होते आणि वास अजून नीट न ओळखलेली आई पुढे त्या कोकराला जवळ करीलच असे नसते. पहिल्या काही तासांत आईचा चीक पोटात गेला नाही तर कोकराला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही आणि अंगात ऊबही राहत नाही, म्हणून त्यांची जोडी टिकणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. त्यातच समुद्रावरून येणारी पावसाळी वादळे नवजात कोकरांना गारठवतात. केलर अशा रात्री पाणी मिसळलेल्या ब्रँडीची बाटली खिशात घेऊन फिरत आणि गारठून पडलेल्या कोकराच्या घशात तिचे थोडे घोट घालत. लोकर वाढलेली, पोटाने जड झालेली मेंढी खळग्यात उताणी पडली तर तिला स्वतःहून उठता येत नाही, पोटात वायू साठत जातो आणि वेळेत कोणी पोचले नाही तर ती मरते. बेटावरचे कूगर, म्हणजे अमेरिकेतील डोंगरी सिंह, अशाच असहाय जनावराच्या शोधात असतात. या सर्व धावपळीत झुडपांच्या पलीकडची मेंढी हुडकणारा, वाट रोखून धरणारा आणि मालकाचे पाय जेथे पोचत नाहीत तेथे पोचणारा कुत्रा केवळ मदतनीस राहत नाही, तर पाळणुकीचाच एक भाग होतो.

केलरांच्या धर्मसेवेचे बीज या कामात आहे. बायबलमधील २३ वे स्तोत्र परंपरेने दावीद राजाचे मानले जाते, आणि त्यात ईश्वराला मेंढपाळाच्या रूपात पाहिले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो. या रूपकांवर शतकानुशतके प्रवचने होत आली असली तरी ती करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मेंढी विताना पाहिली होती. केलरांनी आपल्या मंडळीसमोर या स्तोत्रावर केलेली विवेचने १९७० साली पुस्तकरूपाने आली आणि त्यांचे लक्षावधी वाचक झाले, कारण त्यांत स्तोत्राच्या ओळीआधी गवत, दव, नाकात शिरणाऱ्या माशा, काठी आणि उताणी पडलेली मेंढी येते. त्याच पुस्तकात एक देखणी पण अस्वस्थ मेंढीही आहे, जी ओहोटीच्या वेळी कुंपणाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या निकस कुरणात जाई आणि इतरांनाही तसे शिकवी. अखेर केलरांनी तिला मारले. लॅसला मिळालेली मोकळीक आणि या मेंढीला मिळालेला शेवट एकाच माणसाच्या हातून घडले, हे वाचकाने विसरू नये. कळपाची जबाबदारी केलरांनी कधीही गोड करून सांगितलेली नाही.

लॅसवरचे स्वतंत्र पुस्तक मात्र १९८३ साली, मेंढीपालन केव्हाच सुटल्यानंतर आले. त्यात तिच्या आयुष्याचा प्रत्येक टप्पा मनुष्याच्या ईश्वराशी असलेल्या नात्याला लावून दाखवला आहे: साखळीतील जीवन, सुटका, विश्वास, आज्ञापालन. काही ठिकाणी हा आध्यात्मिक अर्थ कुत्रीच्या पुढे धावतो, आणि तेथे लॅस दिसेनाशी होते. जेथे केलर तिला नुसते काम करताना पाहतात तेथे त्यांची श्रद्धा अधिक पटते, कारण तेथे प्रेम आधी दिसते आणि शिकवण मागाहून येते. मेंढपाळी कुत्र्याला अवघड जाणारी आज्ञा धावण्याची नसून ‘पुरे’ ही असते. ऐन रंगात आलेले काम अर्धवट टाकून, समोरच्या मेंढ्यांवरची नजर काढून घेऊन धन्याकडे परत येणे त्याच्या उभ्या स्वभावाविरुद्ध असते. धावणे थांबवता येत नाही म्हणून जिचा पाय गळ्याशी बांधला गेला होता, ती लॅस फेअरविंड्सच्या माळावर कोणत्याही साखळीवाचून, केवळ हाकेच्या आधारावर काम करत असे.