चेरी कोळंबीची राखण

मांजर टाकीच्या काचेला नाक लावून बसलं की घरातले सगळे त्यालाच हाकलतात. मला त्याची तेवढी धास्ती नाही. झाकण घट्ट असलं की त्याचं काही चालत नाही. खरी भीती पाण्याखालची. नव्या पाणवनस्पतीच्या मुळांत चतुराची अळी लपून येते. निश्चल बसते आणि दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून कोळंबी धरते. म्हणून नवी रोपं आधी वेगळ्या बादलीत ठेवते, पानन् पान उलटून पाहते.

आज एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली. पिवळसर, वीस-पंचवीस तरी असतील. पोटाखालच्या पायांनी ती त्यांच्यावर सतत पाणी खेळवतेय. जेमतेम अडीच सेंटिमीटरचा जीव, पण किती जपते! महिन्याभरात पिल्लं निघतील, अवघी दोनेक मिलिमीटरची. गप्पी मासासुद्धा ही पिल्लं गट्टम करतो, म्हणून या टाकीत मासा नाहीच. जावा मॉसचा दाट गुंता मात्र आहे. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, तेव्हा मोठ्याही त्यातच दडतात.

डासांचा फवारा या खोलीत पूर्ण बंद. त्यातलं पायरेथ्रॉइड पाण्यात थोडं उतरलं तरी कोळंबी मरते. सासूबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी लगेच खिडकीला जाळी बसवून घेतली.