दमसास : वैनगंगेच्या काठाने

नागपूरहून पूर्वेकडे साठेक किलोमीटर गेले की भंडारा शहर लागते आणि शहराला लागूनच वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र. धानाच्या बांध्या, जुने तलाव आणि पितळेची भांडी ही या जिल्ह्याची ओळख आपणास ठाऊक असेलच. आज मात्र या प्रदेशाकडे आपण निराळ्या निमित्ताने पाहणार आहोत. गाणाऱ्याच्या श्वासाला आपल्या संगीतात एक सुंदर शब्द आहे : दमसास. उतारवयात हा दमसास कसा राखावा आणि गाताना मान, जबडा व खांदे आखडू कसे देऊ नयेत, याचे काही धडे या जिल्ह्याच्या वाटेवर सहज सापडतात.

हा विषय केवळ गवयांचा आहे, असे कृपया समजू नका. भंडाऱ्याच्या खेड्यापाड्यांत भजनी मंडळे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आणि सामुदायिक प्रार्थना येथे अनेक घरांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. तीस-चाळीस वर्षे मंडळात गाणारी व्यक्ती सत्तरीला येते, ओळीच्या मध्येच श्वास सुटतो, वरचा स्वर चिरकतो आणि कोणीतरी मायेनेच म्हणते, "आबाजी, आता राहू द्या." त्या दिवसापासून त्यांचे टाळ खुंटीला लागतात. जाते ते केवळ गाणे नव्हे. संध्याकाळची बैठक जाते, चार माणसांतले स्थान जाते. म्हणून हा प्रश्न कुटुंबाच्या आरोग्याचा आहे.

पितळनगरीचा भाता

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. धातू वितळवणाऱ्या जुन्या कारागिराचा भाता आठवा. तो जोरजोराने दाबला तर ठिणग्या उडतात, पण आच टिकत नाही. संथ, एकसारख्या दाबानेच भट्टी धगधगत राहते. छातीलाही आपण भाता म्हणतो, ते उगीच नव्हे.

या भात्याचा तळ म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांमधला घुमटाकार स्नायू. श्वास घेताना तो खाली सरकतो, खालच्या बरगड्या बाजूंना फाकतात आणि पोट किंचित पुढे येते. एरवी स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. गाताना याहून अधिक हवा लागते; म्हणून पुष्कळजण छाती फुगवतात, खांदे उचलतात. येथेच घोटाळा होतो. खांदे वर गेले की मानेचे स्नायू ताणले जातात, त्यांच्यासोबत स्वरयंत्राभोवतीचे स्नायूही आवळतात आणि कोंडलेली हवा एकदम बाहेर पडते. म्हणजे हवा अधिक आणि दम कमी! हवा थोडी, पण खालून घेतलेली असावी.

पवनी आणि गोसीखुर्द

शहरातून दक्षिणेस निघाले की वैनगंगेच्याच काठी पवनी हे प्राचीन नगर आहे. येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. श्वास येतो आहे, श्वास जातो आहे, एवढेच शांतपणे जाणणे या साधनेला बौद्ध परंपरेत आनापानसती म्हणतात. गाण्याच्या अभ्यासाचा आरंभही असाच असावा. बदल करण्याआधी दोन मिनिटे केवळ पाहावे : श्वास कुठवर उतरतो? दात आवळलेले आहेत का? जीभ टाळूला दाबलेली आहे का?

याच तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. या धरणाला ३३ दरवाजे आहेत. पाणी किती साठले याइतकेच ते किती नेमस्तपणे सोडले, याला तेथे महत्त्व असते. गाणे हे सारे सोडलेल्या श्वासावर चालते. श्वास घेण्यास क्षण पुरतो. तो ओळ संपेपर्यंत पुरवून सोडणे हीच साधना. त्यासाठी गळा आवळायचा नसतो. बरगड्या लगेच मिटू न देता पोट सावकाश आत जाऊ द्यायचे, एवढेच.

मंडईतला आवाज आणि बैठकीतला आवाज

भाऊबिजेपासून या जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि दंडार, खडी गंमत रंगते. उघड्यावर, गर्दीच्या गोंगाटात आवाज फेकावा लागतो. तरुण गळ्याला ते झेपते. वयोमानाने मात्र स्वरतंतू पातळ होतात, त्यांची लवचीकता कमी होते, छातीचा पिंजराही ताठर होतो. अशा वेळी जुन्याच जोराने वरचा स्वर गाठू गेल्यास मानेच्या शिरा फुगतात आणि आवाज बसतो.

शास्त्रीय संगीताने यावर जुना उपाय सांगितला आहे : खर्जाचा अभ्यास. सकाळी खालच्या स्वरांवर, हलक्या आवाजात, घाई न करता स्थिर राहणे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी आवाजाच्या शास्त्राचा विशेष अभ्यास केला. त्यांचेच शिष्य पं. कुमार गंधर्व (१९२४–१९९२). ऐन तारुण्यात क्षयाने त्यांना गाठले, फुप्फुसाची मोठी हानी झाली आणि देवासला काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागले. ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा छोट्या, नेमक्या स्वरवाक्यांतून त्यांनी आपली गायकी उभी केली. श्वास आखूड झाला म्हणजे गाणे संपले असे नव्हे, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

घरी करावयाचा अभ्यास

सकाळी, न्याहारीपूर्वी, दहा मिनिटे पुरेत.

१. पाठ सरळ राहील अशा खुर्चीवर बसा, पावले जमिनीला टेकलेली असावीत. गुडघे दुखत असतील तर मांडी घालण्याचा आग्रह धरू नका.

२. खांदे एकदा वर उचलून सैल सोडा. मान सावकाश उजवी-डावीकडे वळवा. ती गोल फिरवू नका. एक जांभई द्या, जबडा आपोआप सैल होतो.

३. एक हात पोटावर ठेवा. आधी श्वास पूर्ण सोडा, मग नाकाने आत येऊ द्या. आता 'स्स्' असा बारीक ध्वनी काढत सहा आकडे होईपर्यंत सोडा. सवयीने आठ, दहा करा. श्वास कोंडून धरू नका.

४. ओठ मिटून, दात सुटे ठेवून 'म्' असे गुंजन करा. ओठांवर व नाकाच्या मुळाशी कंप जाणवला की गळा मोकळा आहे असे समजा.

५. तोच स्वर 'आ'कारात उघडा. सुखाने लागेल तोच आपला षड्ज. पाच-सहा वेळा लावा, मध्ये विसावा घ्या.

६. भजनाच्या वहीत श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवा. शब्द तोडू नका, शब्दानंतर श्वास घ्या.

चक्कर आली, छातीत दुखले किंवा धाप लागली तर तत्काळ थांबा. हृदयविकार, हर्निया, दमा, नुकतीच झालेली पोटाची वा डोळ्यांची शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, गिळताना त्रास झाला किंवा थुंकीतून रक्त आले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. चुलीच्या धुरात ज्यांचे आयुष्य गेले, अशा गृहिणींची धाप 'वयाची' म्हणून सोडून देऊ नये. फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आपल्या घरातील ज्येष्ठ गात असतील तर चुका काढू नका. शेजारी बसा आणि खांद्यांकडे लक्ष ठेवा. ते वर जाऊ लागले तर हलकेच हात ठेवा. कोमट पाणी जवळ असू द्या. मंडळाच्या पेटीवाल्यांना एक विनंती जरूर करा : पट्टी एक-दोन स्वरांनी उतरवा. ज्या पट्टीत चाळिशीत गायले त्याच पट्टीत पंचाहत्तरीत गाण्याचा हट्ट हे ताणाचे मोठे कारण असते. लांब ओळ दोघांनी वाटून घेतली तर श्वास कोठे घेतला हे ऐकणाऱ्याला कळतही नाही.

धान निघाल्यावर, थंडी कोवळी असताना, भंडाऱ्याच्या वाटेला अवश्य जा. सकाळी नदीकाठी धुके असते, तेव्हा तोंडावरून रुमाल घ्या आणि ऊन वर आल्यावरच गुंजन करा. आणि एखाद्या गावी भजन चालू असेल तर मागे उभे राहू नका. टाळ मागून घ्या, पट्टी उतरवायला सांगा आणि जेवढा श्वास असेल तेवढे गा.