वाशिमच्या मेडिकल कॉलेजला स्लाइड स्कॅनर हवा
गाठ रिसोडच्या काकूंची, पण मुंबईला आधी गेलो मी. पिशवीत स्लाइडची डबी अन् मेणाचा ब्लॉक. टाटाचे डॉक्टर नुसत्या कागदी रिपोर्टवर उपचार ठरवत नाहीत, मूळ स्लाइड स्वतः बघतात. ते बरोबरच आहे. पण त्यासाठी काचच का फिरवायची?

स्कॅनर तीच स्लाइड 40एक्सवर टिपतो. फाइल एखाद्या जीबीचीही होते. मग लोक म्हणतात, आपल्या नेटवर कसं जमणार? अहो, अख्खी फाइल पाठवायचीच नसते! चित्राचे बारीक तुकडे सर्व्हरवर राहतात. डॉक्टर जिथं बघतील तेवढेच उघडतात, गूगल मॅपसारखे. पाठवायची फक्त लिंक. ओपनस्लाइडसारखं मोफत सॉफ्टवेअरही आहे.

खरी गोम फॉरमॅटची. कंपनीगणिक वेगळा. एक्स-रे, सीटी स्कॅनला डायकॉम चालतं, ते स्लाइडलाही चालतं. ती अट निविदेतच हवी, नाहीतर यंत्र येईल अन् फाइल दुसरीकडे उघडणार नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. स्कॅनर महाग असतो, मान्य. हायमास्ट दिव्यांना निधी निघतोच ना? जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय कोण मांडतंय, ते लोकप्रतिनिधींनी इथंच सांगावं.