किल्ली तीच, दार बंद

शुक्रवारी संध्याकाळी टीममधला नवा पोरगा वैतागला होता. "आत्ताच आरसिंक नीट झालं, आणि आता एसएसएच आत घेत नाही!" पासवर्ड लॉगिन बंद, म्हणजे आम्ही चक्क बाहेर.

किल्ली तीच होती. पण 'मायनस ए' आणि शेवटी स्लॅश देऊन फोल्डर थेट होममध्ये सिंक केला, की त्याची ७७५ परमिशनही होमला चिकटते. मग ग्रुपमधला कोणीही तिथे आपली किल्ली ठेवू शकतो, म्हणून एसएसएच सगळ्यांनाच नाकारतं. क्लायंटवर नुसतं 'परमिशन डिनाइड' दिसतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं.

कन्सोलवरून ७५५ केलं, झालं. 'स्ट्रिक्टमोड्स नो' करूनही भागलं असतं म्हणा. पण कुलूप अडतं म्हणून दारच काढायचं का?